नायोबीच्या खोलीतली देवयानी

माझी शेजारीण देवयानी, कार्डिफच्या एका म्युझियममध्ये बावीस वर्षं अटेंडंट. तिच्या ड्यूटीची खोली म्हणजे एका भल्यामोठ्या ऑइल पेंटिंगची. तीनचारशे वर्षांपूर्वीचं चित्र, गोष्ट ग्रीक. नायोबी नावाच्या राणीनं मिरवलं, 'माझी मुलं बघा किती, त्या देवीला तर दोनच!' झालं. देवीच्या त्या दोघांनी आभाळातून बाण मारून हिची सगळी पोरं संपवली. चित्रात लेकरं रक्तात पडलीयत आणि नायोबी शेवटच्या मुलीला पदराखाली झाकतेय. मला तर बघवत नाही बाई.

देवयानी मात्र त्यातून धडा घेऊन बसली. दृष्ट लागायची धास्ती तिला माहेरापासूनचीच, त्यात हे रोज डोळ्यांसमोर! एकुलत्या एका सुयशचं कौतुक तिनं कधी त्याच्या तोंडावर केलं नाही, दुसऱ्यालाही करू दिलं नाही. मी 'काय हुशार गं पोरगा' म्हटलं की लगेच, "कसला हुशार, धांदरट आहे नुसता!" तो आर्किटेक्ट झाला. त्यानं डिझाइन केलेल्या लायब्ररीला अवॉर्ड मिळालं. त्याचा फोन आला तर ही म्हणते, "बरं. जेवलास का?" आणि फोन ठेवून किचनमध्ये आनंदानं रडली. मी भडकलेच. "अगं, त्याला सांग की हे! मला काय दाखवतेस?"

"सांगेन गं. चाळिशी पार होऊ दे त्याची, मग नाही लागत दृष्ट."

चौतिसाव्या वर्षी, मार्चमध्ये, जिममध्ये त्याचं हृदय बंद पडलं.

क्रिमेटोरियममध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट मिळाला. त्याचा मित्र समर बोलायला उठला. बिचाऱ्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. म्हणाला, "सुयश नेहमी म्हणायचा, एक दिवस आईला आवडेल असं काहीतरी बांधीन."

देवयानी उठली, शवपेटीपाशी गेली, तिच्यावर हात ठेवला आणि मराठीत बोलायला लागली. "ऐक राजा. नवव्या महिन्यात चालायला लागलास तू. कुण्णाचं मूल चालत नव्हतं तेव्हा. नर्सरीत ठोकळ्यांचा पूल केलास, टीचरनं तो आठवडाभर मोडू दिला नाही..." रडत नव्हती. भरभर बोलत होती, एकेक वर्ष घेऊन, काही सुटू नये म्हणून मागे जाऊन पुन्हा सांगत होती.

क्रिमेटोरियमचा काळ्या सुटातला माणूस दाराशी येऊन उभा राहिला. बाहेर पुढचं कुटुंब थांबलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती जेमतेम त्याच्या दहावीच्या, जीसीएसईच्या परीक्षेपर्यंत पोचली होती.