आडवं व्हायची भीती

डॉक्टरांनी माझी मान उजवीकडे वळवली आणि मला एकदम मागे निजवलं. छताचा बंद पंखा गरगर फिरायला लागला. मी त्यांची बाही घट्ट धरली. "मावशी, डोळे मिटू नका," ते म्हणाले. माझी बुबुळं थरथरताना पाहून त्यांनी सांगितलं, "घाबरू नका. हा बीपीपीव्ही आहे."

म्हणजे बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टायगो. नाव ऐकूनच चक्कर यावी! अर्थ मात्र साधा. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात. उतारवयात ते कधी जागा सोडतात, आणि डोकं हललं की मेंदूला खोटी बातमी देतात.

हे कळायला मला वाशीमपर्यंत यावं लागलं, तेही महिनाभराने. मी इंझोरीची निवृत्त शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी हे गेले, मुलगा पुण्यात. एका सकाळी अंथरुणात कूस बदलली आणि अख्खं घर फिरलं.

आमच्याकडे चक्कर म्हणजे कमजोरी, आणि कमजोरी म्हणजे सलाईन. गावातल्या डॉक्टरांनी बाटली लावली. ती घ्यायला आडवं व्हावं लागतं, आणि आडवी झाले की चक्कर. त्यांना वाटलं कमजोरी जास्तच आहे, म्हणून दुसरी लावली. अशा तीन झाल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेली मी, मलाही ते पटत होतं!

मग मी आडवं होणंच सोडलं. तीन आठवडे भिंतीशी उशा रचून बसल्या बसल्या झोपले. मुलाला फोनवर "मजेत आहे" म्हणत राहिले. खरं कळलं असतं तर तो घराला कुलूप लावून मला घेऊनच गेला असता, आणि मला इथून हलायचं नव्हतं. शेजारची कमल त्याला कळवेल म्हणून तिच्याशीही बोलणं टाळलं. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. फार एकटं वाटलं, हे आज कबूल करते.

वाशीमच्या डॉक्टरांनी तिथेच एप्ली मॅन्युव्हर केलं, म्हणजे कण जागेवर सरकवण्यासाठी मानेच्या ठरावीक हालचाली. मागे निजवून मान उजवीकडे, मग डावीकडे, मग डाव्या कुशीवर, मग उठवणं. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबायचं. "आता घरी आडव्या झोपत जा," ते म्हणाले. "चक्कर गेली तर खुशाल एकट्या राहा. पण पहिल्यांदा निजताना सोबत कुणी हवं."

माझ्या वयाच्या माणसांनो, कूस बदलताना घर फिरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र क्षणभरही थांबू नका.

घरी आल्यावर दुपारी कमलला हाक मारली आणि सगळं सांगितलं. ती भडकलीच.

"महिना झाला अन् मले सांगतलं नाही? काहून बाई? मी काय परकी आहो?"

"तू पुण्याला फोन केला असतास."

"केलाच असता. म्हटलं असतं, काळजी नोको करू, मी आहो इथं."

मी अंथरुणावर बसले. तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच उजव्या कुशीवर निजवलं. मी मनात तीसपर्यंत मोजलं. भिंत जागच्या जागी होती.

"फिरून राह्यलं काय?"

"नाही गं."

"मंग काढू हात?"

सहा वर्षांत कुणी माझ्या डोक्याला असा हात लावला नव्हता.

"राहू दे थोडा वेळ," मी म्हणाले.