अण्णा आणि जास्तीचा ऑक्सिजन

अण्णा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. सुरतेत लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेतला एकुलता एक फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्यांनी बोलावून सांगितलं. मी परत आले, हातातला पेपर पुरा तपासला, गुणांची बेरीज केली, सही केली. दीड महिना झाला, रडू अजून आलेलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. धुळ्याकडून आला तो थेट लूमच्या खात्यात, यंत्रमागावर, आणि तीस वर्षांत त्याला ना मशीन सुटली ना बिडी. मला बी.एस्सी. त्यानंच केलं. त्याचा अभिमान इतका, की नवागामच्या त्याच्या गल्लीत कुणाला साधी ढास लागली तरी 'मंदाला विचारा' म्हणायचा. एकदा मी त्याच्या घरी चुन्याची निवळी करून त्याला नळीनं फुंकायला लावलं. पाणी दुधाळ झालं. मी शिक्षिकेच्या सुरात सांगितलं, हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, कार्बन डायऑक्साइड दहा हजार भागांत जेमतेम साडेतीन. पण आपल्या उच्छ्वासात तो शंभरपट. अण्णा हसत सुटला. "मंग सुरतनी हवा मीच खराब करस म्हन! मिलना धूर कोन मोजी?" हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना...

शेवटी त्याला श्वास पुरेना, घरी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणाऱ्या मीटरमधली गोळी दोनच्या वर न्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. का, ते मी विचारलं नाही. सिलिंडर लवकर संपू नये म्हणून सांगत असतील, असं मीच ठरवून टाकलं. त्या दिवशी शाळेच्या वाटेवर डोकावले, तर अण्णाचे ओठ जांभळे. मी चावीला हात घातला. वहिनी म्हणाली, "डॉक्टरनी नको सांगेल शे."

"वहिनी, जगाले लागस तोच वायू शे. जास्त व्हयना ते काय बिघडस?"

गोळी सहावर नेली. थोड्या वेळात ओठांवर लाली आली, हात उबदार झाले, आणि कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. मी स्वतःवर खूश होऊन शाळेत गेले. तो उठलाच नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. अशा थकलेल्या छातीत कार्बन डायऑक्साइड आधीच साचलेला असतो. ऑक्सिजन एकदम वाढवला की तो आणखी साचतो, ग्लानी येते, श्वास मंदावत जातो. ते रागावले नाहीत. रागवायला हवं होतं.

वहिनी मात्र भेटायला येईल त्याला सांगायची, मंदाताईमुळे शेवटी त्याला सुखाची झोप लागली. मी शेजारी बसून मान डोलवायचे. मला त्याची लाज वाटते. तिला वाचता येत नाही. छापून आल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून काल हा लेख इथपर्यंत तिला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग तो सुखमा झोपना व्हता की नही? इतलंच सांगा."

त्या घरात प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असे.

"माहीत नही, वहिनी," मी म्हणाले.