सोयऱ्यांच्या दारावरून दिवेआगरला

आमच्या कोन गावच्या मामाला रस्ता कधी दिसलाच नाही, दिसायची ती फक्त रस्त्याकडेची घरं. गाडी जरा वेगात आली की तो म्हणणार, "ते पत्र्याचं घर बघ, माझ्या मावसभावाची सासुरवाडी. घे बाजूला." सोयऱ्याच्या दारावरून चहा न घेता पुढे जाणं त्याच्या लेखी शिवी दिल्यासारखं होतं. भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली, घरबसल्या भाडं येऊ लागलं, तेव्हापासून नाती सांभाळणं हीच त्याची ड्युटी झाली होती.

अनोळखी माणसाला त्याचे प्रश्न ठरलेले. "गाव कुठला? मामाचा गाव कुठला? बायको कुठली?" एवढ्यात समोरचा आमचा कुणीतरी लागायचाच. मी जवळच कामतघरला राहतो, यंत्रमागांच्या वस्तीत. तिथल्या एका लूमवाल्या भय्यालाही त्याने "मामा का गाव कौन सा?" असं विचारलं होतं. नातं निघालं नाही याची त्याला बरेच दिवस चुटपुट लागून राहिली.

मामीला मात्र समुद्र बघायचा होता. "उभा जलम खाडीच्या चिखलात गेला, एकदा दिवेआगरच्या वाळूत उभं ऱ्हायाचं हाय," एवढंच तिचं म्हणणं. लग्न झाल्यापासून बोलून दाखवलेली तिची ही एकच हौस. शेवटी मामा तयार झाला. अलिबागवरून किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस फिरायचं, आणि पाचव्या दिवशी पुतण्याची हळद, म्हणजे परत येणं भागच. गाडी चालवायला मी, कारण भाच्याला नाही म्हणायची सोय नसते.

पहिला दिवस पेणमध्येच संपला. दुसऱ्या दिवशी समुद्र दिसला, पण कुणाच्या तरी ओटीवरून, ताटातल्या तळलेल्या बोंबलांच्या पलीकडे. काशीदची सुरूची बनं बघायला उतरायचं म्हटलं, तर पुढच्या घरी भाकऱ्या थापून झाल्या होत्या. फणसाडच्या जंगलात मामी खूश झाली, कारण तिथे घरं नव्हती. पण नाक्यावरच्या वनरक्षकाला मामाने गाव विचारलं आणि तो साडूचा भाचा निघाला. चहा तिथेही झाला. गाडीत पांढऱ्या कांद्याच्या माळा, नारळ, सुकी मासळी आणि त्यांच्या मधोमध फुगून बसलेली मामी.

शेवटच्या दिवशी गाडी बोटीत घालून दिघीला उतरलो. दिवेआगरच्या अलीकडे मामाच्या चुलतबहिणीचं घर. ते दिसायच्या आधीच मामी म्हणाली, "मी न्हाय उतरनार. तुमी चाय प्या, मी चालत दर्यावर जातंय." आवाज चढवला नव्हता, म्हणून आम्ही दोघंही घाबरलो.

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाच्या, जोरात घे," आणि डोक्यावर टॉवेल आणि कांद्याच्या माळा ओढून सीटखाली सरकला. नेमकी समोरून एसटी आली. रस्ता अरुंद, गाडी बरोबर बहिणीच्या अंगणासमोर अडकली. कांद्यांखालून मामा विचारतोय, "गेलं का घर?" आणि मामी ओटीवरच्या नणंदेला हसून हात जोडतेय. मला हसू आवरेना आणि गियर पडेना. पण सोयऱ्याचं घर टाकून मामा गेला तो जन्मात तेवढाच एकदा, तोही बायकोसाठी. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मामी सूर्य बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. मामा मागे, हातात चपला घेऊन, कासावीस. "इथं आपल्या वलखीचं कुनीच न्हाय गं."

"तेच तं बरं हाय," मामी म्हणाली.

गेल्या वर्षी मामा अचानक गेला. या हिवाळ्यात मामीनेच विचारलं, "बाला, दर्याला नेशील?" मी आनंदाने गाडी काढली. या वेळी थेट दिवेआगर गाठायचं, असा माझा हिशेब. पेणला पोचलो नाही तोच मागून ती म्हणाली, "जरा गाडी थांबव." मग पुढे प्रत्येक दारात तेच. बायका तिच्या गळ्यात पडायच्या, मामाच्या गोष्टी निघायच्या, मामी रडायची, हसायची, पोटभर जेवायची. शेवटी न राहवून मी म्हटलं, "मामी, अशाने दिवेआगर राहून जाईल गं."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दर्या काय मला इचारनार हाय का, तुजा मालक कसा गेला म्हून? ही मानसं इचारतात."