एक शीर राहिली असंल

मोसंबी सोलावी तर आमच्या मायनंच. देवगाव रंगारीला आमची मोसंबीची बाग, त्यामुळं घरात फळाला तोटा नव्हता. पण माय साल काढून थांबायची नाही. एकेक फोड सुटी करायची, तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा नखानं ओढायची, मग पापुद्रा सोलून नुसता गर वाटीत टाकायची. ती वाटी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. एक शीर जरी दाताखाली आली तरी ‘हे काय गुराला घातलं का?’ म्हणून वाटी सारायचे. भारी नखरा! उरलेल्या शिरा, पापुद्रे, बियांजवळचा चोथा माय चुलीपाशी बसून चघळायची. ‘एक तरी चांगली फोड खा की,’ म्हटलं की म्हणायची, ‘मला ह्येच आवडतं.’ साफ खोटं.

दादा हृदयविकारानं गेले आणि मी मायला शहरात, मुकुंदवाडीला माझ्याकडं आणलं. यंदा तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि उस्मानपुऱ्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. बाई कसल्या, पोरगीच ती, पण बोलायला गोड.

‘आजी, मोसंबीचा रस नका काढू, फोडी खा. अन् त्या पांढऱ्या शिरा, पापुद्रा टाकायचा नाही बरं का. त्यात फ्लेव्होनॉइड्स असतात. झाडापानांत, फळांत असणारी द्रव्यं ती. कांद्यात असतात, चहातसुद्धा. हृदयाला, रक्तवाहिन्यांना ती बरी असावीत असं दिसतंय.’

रिक्षात बसल्यावर मी आपली गंमत केली. ‘वा गं माय! जन्मभर आम्हाला उल्लू बनवलंस. खरा माल तूच खाल्लास की!’

माय हसली नाही. घरी आल्यावर जिना चढताना म्हणाली, ‘म्हंजी चांगलं ते मी खाल्लं, आन् त्यांना चोथा दिला व्हय?’

त्या दिवसापासून तिनं मोसंबीला हात लावला नाही. गावाकडून आलेली पिशवी तशीच सुकत पडली. ताटात भाकरी अर्धी राहायला लागली. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, म्हणून कधी गोळीही राहायची. मला आधी काळजी वाटली, मग माझं डोकंच फिरलं.

‘लई झालं आता! दोन शिरांनी माणूस मरतो का?’

‘त्यांच्या काळजाला पायजे होतं तेच मी नखानं काढून टाकलं,’ ती म्हणाली. ‘तुला काय कळतं? तू काय डाक्टर हायस?’

हे मात्र खरं होतं. म्हणून तिला पुन्हा उस्मानपुऱ्याला नेलं आणि तिच्यासमोरच त्या पोरीला सगळं सांगितलं. तिनं आपली खुर्ची ओढून मायच्या शेजारी घेतली.

‘आजी, हे औषध नाही. शिरा खाल्ल्या म्हणून कुणी अमर होत नाही, नाही खाल्ल्या म्हणून कुणी जात नाही. रोजच्या जेवणाचा थोडा हातभार, एवढंच. आजोबा गोळ्या घ्यायचे?’

‘घ्यायचे कशाचं! उशाखाली ठेवायचे.’

‘तंबाखू?’

‘ती बरी घ्यायचे येळच्या येळी,’ माय फणकाऱ्यानं म्हणाली, आणि मग पदरात तोंड घालून रडली. मी तिला रडू दिलं. दादा गेले तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती. त्या रात्री तिनं अख्खी भाकरी खाल्ली, आणि मला सुखाची झोप लागली.

पितरपाटात दादांची तिथी आली. सगळा स्वयंपाक झाल्यावर माय मोसंबी घेऊन बसली. एक सोलली, शिरा-पापुद्र्यासकट फोडी वाटीत घालून माझ्या पुढ्यात सरकवली. ‘ही तुझी. नंतर खा. सगळी खायची, कडू लागलं तरी.’ मग दुसरी घेतली आणि नखानं एकेक शीर ओढायला लागली.

‘अगं, बाईंनी काय सांगितलंय?’

‘तुला जगायचंय, तू शिरा खा. त्यांना आता काय व्हायचंय? आवडीचं खाऊ दे.’

गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, कढी, आणि कडेला तो स्वच्छ गर. कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसून राहिला. आम्ही हात जोडले, बाजूला झालो, तरी तो काही पानाला शिवेना.

‘एक शीर राहिली असंल,’ माय म्हणाली.

ती पानाशी गेली. एक फोड उचलून उन्हात धरली, उलटीपालटी करून पाहिली. खरंच एक बारीक शीर होती. तिनं ती नखानं अलगद ओढली आणि फोड परत पानावर ठेवली. पितरांच्या आधी तोंडात काही घालू नये, हे मला तिनंच शिकवलेलं. पण ती शीर तिनं सवयीनं आपल्या तोंडात टाकली.