राखणदाराचा नारळ

गोवा राज्य झालं त्या वर्षी, गणपतीची चवथ आटोपल्यावर, मी डिचोली सोडली. ठाण्याला एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. बसस्टँडवर बाबांनी शेंडीसकट एक नारळ माझ्या पिशवीत कोंबला.

"ठाण्यात नारळ मिळतात, बाबा."

"मेळटले गो. पूण पयलीं थंयच्या राखणदाराक दी, मागीर चूल पेटय."

आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. नव्या माणसाने त्याला नारळ देऊन राहायची परवानगी मागायची. तुम्ही गोव्यात मागे राहिलेल्यांना हे सांगायला नको. माझ्यासारखे निघून गेलेले कदाचित विसरले असतील. मीही विसरले. तिसऱ्या दिवशी ताजे बांगडे मिळाले आणि त्या नारळाचं हुमण, आमच्याकडचं माशांचं कालवण, झालं.

बाबांना लिहिलं : नारळ दिला, तळ्याकाठी.

उलट टपाली प्रश्न : "खंयच्या तळ्याकडेन? बरोवन धाड."

झाली पंचाईत. खोटं निभावायला मी ग्रंथालयातली जुनी पुस्तकं काढली, आणि त्यांत बुडालेच! शिलाहार राजांचं हे ठिकाण. त्यांची एक पाती आमच्या गोव्यातही राज्य करत होती. गावभर तळी, तळ्याकाठी देवळं. मग पोर्तुगीज, त्यांच्यामागून मराठे, मग इंग्रज आणि देशातली पहिली आगगाडी. सुट्टीच्या दिवशी मी पुस्तकातलं तळं शोधत निघे. मासुंदा सापडलं, कचराळी सापडलं. एका तळ्याच्या जागी चार मजली सोसायटी उभी होती, तिच्या गच्चीवर पापड वाळत होते. परतताना पाय दुखायचे आणि कधी एकदा पत्र लिहिते असं व्हायचं.

बाबा ती पत्रं हॉटेलात पाव-भाजीबरोबर मोठ्याने वाचत. पोर्तुगिजांच्या किल्ल्याबद्दल लिहिलं तेव्हा उत्तर आलं, "पाखले थंयय पाविल्ले? मागीर गांव आमचोच!" पुढे ते "तुजें ठाणें" असंच लिहू लागले. मी मात्र कोणी विचारलं की म्हणे, मी गोव्याची, इथे नोकरीला असते. नऊ वर्षं.

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. बाराव्यानंतर परतताना परसातल्या माडाचा एक नारळ मी स्वतःच पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासुंद्यावर गेले. पॅडलच्या बोटी अजून बांधलेल्या होत्या, चालायला येणारे स्पोर्ट्स शूज घालून फेऱ्या मारत होते. घरी देवापुढे गाऱ्हाणं बाबा घालायचे, आम्ही मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. इथे होकार देणार कोण? तरी हात जोडले.

"बा राखणदारा, डिचोलीच्या मास्तराची ही धुव. हिणें तुजो नारळ हुमणांत घालो, बापायक फट मारली. चुकलें तें पोटांत घाल आणि हिका हांगा रावूं दी."

"व्हय म्हाराजा!"

मागे वळले. देवळाच्या वाटेवरची फुलवाली, मांडीवर अर्धवट ओवलेला हार, हसत होती. गोव्यातल्या पेडण्याकडचा हेल मी लगेच ओळखला.

"नारळ हुमणांत? कशें जाल्लें?"

"बरें जाल्लें," मी म्हणाले, आणि हसता हसता डोळे भरले.

मी नारळ फोडला. एक शकल तळ्यात सोडलं, एक तिच्या हातावर ठेवलं.

"खंयची गो तूं, बाय?"

"हांगाचीच," मी म्हणाले.