शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्याकडं गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. तीच त्याची सही. माझे काकाजी अमडापुरात शिलाईचं दुकान चालवतात आणि जयंतीची गाणी बांधतात. त्यांचं नाव म्हणजे उजेडाचाच दुसरा शब्द. घोटाळा त्यामुळेच झाला.

यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी विहारात धामणगाव बढ्याच्या गायन पार्टीचा सराव चालला होता. गायकानं काकाजींचंच गाणं धरलं, पण शेवटच्या कडव्यात त्यांच्या नावाच्या जागी 'उजेड' म्हटलं. मी बोटांवर मात्रा मोजल्या. नावाच्या चार, उजेडाच्याही चार. ताल अडखळलाच नाही, मग कोणाच्या लक्षात येणार?

"हा शब्द कुठून आणला?" मी विचारलं.

त्यानं मोबाइल पुढं केला. शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं काढलेलं तेच गाणं. खाली लिहिलेलं : गीत-संगीत पारंपरिक.

"अर्थ तर तोच आहे नं भाऊ," तो म्हणाला.

"अर्थ तोच आहे. माणूस कुठं गेला?"

काकाजी मागंच बसले होते. "जाऊ दे नं बे. गाणं तर लोकाइच्या तोंडी हाये."

"पारंपरिक म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही. इथं करणारा बशीत चहा ओतून पिऊन राह्यला, काकाजी!"

सगळे हसले. समितीचे अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. "एका शब्दापायी काऊन भांडून राह्यला? कार्यक्रमाचा इचका होईल."

समितीचा सचिव मी. स्पष्ट सांगितलं, नावासकट म्हणणार असाल तरच हे गाणं स्टेजवर जाईल. नाहीतर दुसरं म्हणा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गायकानं नाव घेतलं. पण लोकांनी तो उजेडच समजून टाळ्या वाजवल्या. मी उठलो आणि माइक घेतला. "आता ऐकलं ते या गावातल्या माणसाचं नाव आहे. गाणं त्यांनी बांधलं. ते समोरच बसलेत."

"बस खाली बे!" काकाजी ओरडले. "माह्यं नाव काऊन गाजवून राह्यला?"

"तुमचं आहे म्हणून."

बायकांमधून एक आवाज आला, "उभे राहा नं मास्तर! आमाले वाटे तुमी निस्ते झंपरच शिवता."

हशा पिकला. काकाजी उभे राहिले, हात जोडले आणि लगेच बसले. मग चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कंपनीला मी कळवलं. पारंपरिक गाण्याला मालक नसतो, असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहायला बसलो. हे गाणं पारंपरिक नाही, बांधणारा हयात आहे, 'पारंपरिक' हा शब्द काढा. काढेपर्यंत लिहीत राहीन, हेही त्यात घातलं.

तेवढ्यात काकाजी दारात येऊन उभे राहिले. चष्मा सारखा करत म्हणाले, "कंपनीले लिहून राह्यला काय? मंग निस्ते शब्दच नको लिहू. चालबी माहीच हाये."