भट्टीवर आग विझवायची रीत

आमच्या भट्टीचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो अन् स्वयंपाक तसाच राहतो. भट्टी म्हंजे जिंतूरकडच्या माळावरची थोडीशी घरं. कोण्या काळी इथं लोखंड गाळायचे. ती मातीची भट्टी अजून हाय, तिचंच नाव वस्तीला. तिच्यावर पाणी पडलं, ती फुटली अन् माणसं गेली म्हणे. तवापासून इथं कुठल्याच आगीवर पाणी ओतत न्हाईत. माती टाकायची, न्हाईतर राख.

* * *

मी माहेरची बोरी गावची. मला हे कुणी सांगितलंच न्हाई. लग्नानंतर पहिल्याच सकाळी चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, दारातून बघत होत्या. दुपारपस्तोर अख्ख्या वस्तीला माहीत.

* * *

मग काय, बोअर आटला माझ्यामुळं. शेजारच्या नामदेव भाऊजींची म्हैस आटली, ती पण माझ्यामुळं. "वैनी, तुमी पानी ओतलं अन् आमी भोगायलो," हे तोंडावर. मी चिडून म्हणले, "तुमची मोटरसायकल सुरू व्हत न्हाई, ती बी मीच भिजवली का?" आत्याबाई ऐकून बी काही बोलल्या न्हाईत. त्याचाच मला लय राग यायचा.

* * *

एकदा शाळेतल्या सरांचं दूध उतू गेलं अन् गॅस विझला. दूध पाण्यात धरायचं का, यावर बैठक बसली. ठरलं, दूध चालतं. सर म्हणले, "पाणी घातलेलं असलं तर?" दूध नामदेव भाऊजींच्या घरचं. बैठक तिथंच मोडली.

* * *

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी आमच्या गोठ्यावर वायरीची ठिणगी पडली. कडबा पेटला. आत माझ्या शेळ्या, त्यात दोन गाभण. वस्ती पळत आली, टोपल्यांत माती अन् राख घेऊन. पाण्याचा टँकर दारातच भरलेला उभा, पण नळाला कुणी हात लावंना. शेळ्या आत वरडायलेल्या. एका तांब्यासाठी मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता ओतलं तर इथं राहणं मुश्किल. तरी घागर भरून उचलली.

मागून कुणीतरी मनगट धरलं. आत्याबाई होत्या.

"सोडा आत्याबाई, मरतील त्या."

त्यांनी घागर माझ्या हातातून काढून घेतली, पुढं गेल्या अन् सगळ्यांदेखत आगीवर ओतली. मग रिकामी घागर नामदेव भाऊजींच्या हातात दिली.

"भर," म्हणल्या.